वाटा, बोळ आणि माझा एक बांध

(दहावी, मार्च १९९६ या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याच्या ओघात पुढेमागे झालेलं थोडं नीट लावून स्मरणिकेसाठी दिलं आहे.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू कॉम्प्युटरवर बोल, पोरांना मार्गदर्शन होईल." मी हो म्हणाले. आता समोर बघते तर पोरं बाहेर मांडवात खेळतायत आणि इथं बसलेत ते सगळे पंचेचाळिशीचे, अर्ध्यांच्या खिशात जवळचा चष्मा. तेव्हा मार्गदर्शन राहू द्या. मी रोज ज्यात काम करते त्यातलीच एक गोष्ट सांगते. त्यात माझी एक कबुली आहे, तीही आज तुमच्यासमोरच द्यायची आहे. पण जरा दमानं.

पुण्यात मी माल पोचवणाऱ्या गाड्यांना रस्ता सांगणारं सॉफ्टवेअर लिहिते. एका टेम्पोला चाळीस पत्ते असतील तर आधी कुठं, मग कुठं, कोणत्या रस्त्यानं, हे ते ठरवतं. त्या सॉफ्टवेअरला ना पार दिसतो, ना मारुतीचं देऊळ. त्याला दोनच गोष्टी कळतात, बिंदू आणि रेघ. जिथं वाटा एकमेकींना मिळतात तो बिंदू, आणि दोन बिंदूंना जोडणारा रस्ता ही रेघ. १७३६ मध्ये ऑयलर नावाच्या गणितज्ञानं कोनिग्सबर्ग शहरातल्या सात पुलांचा असाच जोडण्यांचा प्रश्न कागदावर मांडला आणि सिद्ध केलं की प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळं गाव फिरता येणार नाही. आपले गणिताचे सर म्हणायचे ना, "आधी आकृती काढ, मग तोंड उघड"? ऑयलरनं तेच केलं. सर आज समोर बसलेत, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता त्या प्रत्येक बिंदूपाशी किती रेघा येतात ते मोजायचं. यासाठी आपल्या भाषेत शब्द आधीच आहेत. तीन आल्या तर तिठा, चार आल्या तर चौक किंवा चव्हाटा. आणि एकच रेघ येऊन थांबली तर तो बंद बोळ. गावात तिठे आणि चौक किती, बंद बोळ किती, एवढ्यावरून ते गाव चालायला कसं आहे याचा बराचसा अंदाज घरबसल्या येतो.

आपण वहीत पिंपळाचं जाळीचं पान ठेवायचो, आठवतं? पाण्यात कुजवून, हिरवं सगळं धुऊन टाकून. त्या पानातली एक शीर तुटली तरी रस दुसऱ्या शिरेनं पुढं जातो, कारण सगळ्या शिरा एकमेकींना मिळालेल्या असतात. झाडाच्या फांदीचं तसं नाही. फांदी जिथं मोडली तिच्या पुढचं सगळं वाळतं. जुनी गावं आणि जुनी शहरं बरीचशी त्या पानासारखी आहेत. नव्या वसाहती फांदीसारख्या वाढतायत, म्हणजे एक मोठा रस्ता, त्याला फुटलेले छोटे रस्ते आणि त्या प्रत्येकाच्या टोकाला भिंत. मग दूध आणायला निघालेला माणूस, शाळेची बस आणि सिमेंटचा ट्रक, सगळे त्या एकाच मोठ्या रस्त्यावर येतात, आणि "ट्रॅफिक फार वाढलं" म्हणून आपण गाड्यांना शिव्या देतो.

हे आपल्याकडंच चाललंय असं नाही. बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या रस्त्यांचा शंभर वर्षांचा हिशेब मांडला, तो २०१५ मध्ये छापून आला. १९२९ मध्ये न्यू जर्सीत रॅडबर्न नावाची वसाहत बांधली गेली. मुलांना गाड्यांचा धोका नको म्हणून तिथले रस्ते मुद्दाम घरांपाशी बंद केले होते, पण पायी चालणाऱ्यांसाठी मागून वेगळ्या वाटा ठेवल्या होत्या. पुढच्या बिल्डरांनी बंद रस्ते तेवढे उचलले, पायवाटा सोडून दिल्या. अमेरिकेतलं हे तुटलेपण १९९४च्या सुमारास सगळ्यांत जास्त होतं आणि तिथून उतरणीला लागलं, असं या दोघांना आढळलं. २०२० मध्ये त्यांनी साऱ्या जगाचा हिशेब केला, तर १९७५ पासून जगातल्या पुष्कळ भागांतली नवी वाढ जास्तजास्त तुटक होत चाललेली दिसली. म्हणजे अमेरिका ज्या वाटेवरून मागं फिरली त्या वाटेला बाकीचं जग लागलं. यासाठी त्यांनी ओपनस्ट्रीटमॅप वापरला. हा २००४ साली सुरू झालेला, लोकांनीच काढलेला नकाशा आहे. तुम्ही-आम्हीही त्यात आपली गल्ली काढू शकतो. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

पुण्याचं माझ्या डोळ्यांसमोरचं सांगते. शनिवार, सदाशिव, बुधवार पेठेत तुम्ही एका बोळात शिरलात तर बहुतेक वेळा कुठंतरी बाहेर पडताच. तुळशीबागेत लक्ष्मी रोडकडून आत जावं आणि मंडईच्या बाजूनं निघावं. चुकलात तरी चालत राहा, पोचाल. मी राहते ते शहराच्या पश्चिम टोकाला. तिथं पंधरा वर्षांपूर्वी ज्वारी होती. महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं घेतली, पण तोवर त्यांतल्या कितीतरी शेतांवर इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि वाटा ज्याच्या-त्याच्या मनानं पडल्या होत्या. माझी आई माझ्याकडं राहायला आली तेव्हा तिला शेजारच्या सोसायटीत लातूरकडची एक मैत्रीण मिळाली. आमच्या गॅलरीतून तिची गॅलरी दिसते. मी नकाशावर मोजलं, सरळ रेषेत चाळीस मीटर. मध्ये भिंत. गेटातून जायचं तर एक किलोमीटर चारशे मीटर, त्यातला अर्धा भाग बिनफुटपाथचा. आई दोनदा रिक्षानं गेली आणि मग जायचीच बंद झाली. आता दोघी गॅलरीत उभ्या राहून फोनवर बोलतात. आई म्हणते, "ढोकीत एवढ्या अंतरात मी तीन घरचा चहा पिऊन आले असते."

भिंतीत एक छोटं दार करा, असा अर्ज मी आमच्या सोसायटीत दिला होता. सभेत सुरक्षेचा प्रश्न निघाला आणि अर्ज पुढच्या सभेवर ढकलला गेला. ती पुढची सभा चार वर्षांत आलेली नाही.

हे असं का होतं? कोणी दुष्ट असतो म्हणून नाही. समजा, रस्त्याला लागून एकाचं दोन एकर आहे, त्याच्या मागं दुसऱ्याचं तीन एकर, त्याच्या मागं तिसऱ्याचं. पहिल्यानं प्लॉट पाडले. त्याला रस्ता हवा तो स्वतःच्या शेवटच्या प्लॉटपर्यंत. तो रस्ता पुढं बांधापर्यंत नेला तर त्याची जागा जाते आणि फायदा होतो मागच्याचा. मग तो कशाला नेईल? मागचा आपली दुसरी वाट शोधतो, आणि तोही तिच्या टोकाला तेच करतो. प्रत्येकाचा हिशेब त्याच्यापुरता बरोबर असतो. सगळे बरोबर हिशेब एकत्र केले की वाकड मिळतं.

याला उपाय नाही असंही नाही. मुंबई प्रांतात १९१५ मध्येच नगररचनेचा कायदा झाला. त्यातल्या टीपी स्कीमची पद्धत अशी की सगळ्यांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, आधी रस्ते आखायचे आणि मग ज्याला-त्याला त्याच्या हिश्श्याचे, थोडे लहान पण चौकोनी प्लॉट परत द्यायचे. हडपसरला मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी स्वतःहून एकत्र करून शहर बांधलं, तेही याच विचाराच्या जवळचं. आणि आपल्या लातूरची गंजगोलाई घ्या. १९१७ साली बांधलेली, मध्ये अंबाबाईचं देऊळ, चहूकडून येऊन मिळणारे सोळा रस्ते. लग्नाचा बस्ता बांधायला आपण सगळेच तिथं गेलोय आणि सगळेच एकदा तरी तिथं हरवलोय, पण अडकून कोणी राहिलं नाही.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. घर पडतं, पुन्हा बांधतात. दुकान बदलतं. रस्त्याची रेघ सहसा बदलत नाही. १६६६ मध्ये लंडन जळालं तेव्हा क्रिस्टोफर रेननं सरळ, रुंद रस्त्यांचा नवा नकाशा करून दिला होता. पण जमिनींचे मालक तेच होते, त्यांना लवकर घरं हवी होती, त्यामुळं शहर बहुतेक जुन्याच रेघांवर पुन्हा उभं राहिलं. दोन-अडीचशे वर्षं टिकेल अशी वस्तू आपल्या हातून क्वचितच घडते. शेताचा रस्ता आखतो तेव्हा ती घडत असते, आणि तेव्हा आपल्या डोक्यात फक्त गुंठ्याचा भाव असतो.

रस्त्यांची रेघ सहसा बदलत नाही म्हणाले, पण ती एका रात्रीत बदललेली आपण पाहिली आहे. आठवीत होतो आपण. गणपती विसर्जनाची रात्र उलटली आणि ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जे झालं ते मी इथं कोणाला सांगायची गरज नाही. माझी मावशी सास्तूर भागातली. तिच्या गल्लीत समोरासमोरच्या घरांच्या दगडी भिंती दोन-दोन हात रुंद, वर माळवद, आणि मध्ये बैलगाडी कशीबशी जाईल एवढी वाट. भिंती गल्लीतच पडल्या. जे घरातून जिवंत निघाले त्यांना गल्लीतून निघता येईना आणि मदतीला आलेल्यांना आत शिरता येईना. अरुंद वाटांचं कौतुक करताना हे विसरता येत नाही, मी तरी विसरत नाही.

म्हणून मग पुनर्वसनात सगळं उलटं केलं. लातूर आणि आपल्या जिल्ह्यातली ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. रुंद, सरळ, काटकोनात छेदणारे रस्ते, ओळीनं सुटी सुटी घरं. जमिनीप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची. माझ्या सॉफ्टवेअरला विचाराल तर ती गावं पहिल्या नंबरात येतील. जिथं-तिथं चौक, बंद बोळ जवळजवळ नाहीच.

पण मावशीला विचारा. ती म्हणायची, "लई रुंद झालं गं. हाक जात न्हाई." जुनं गाव दाट होतं, नवं त्याच्या कितीतरी पट पसरलं. भाऊ-भाऊ एका वाड्यात होते ते ज्याच्या-त्याच्या जमिनीच्या मापाप्रमाणे वेगवेगळ्या ओळींत गेले. आड, पार, पिठाची गिरणी सगळं लांब पडलं. दुपारच्या उन्हात त्या रुंद रस्त्याला सावली कुठून यावी? पुढं लोकांनी हळूहळू आपली सोय केली. घरापुढं छपरं काढली, ओटे बांधले, भिंती घातल्या, शेण-सरपणाला जागा केली. परवा गेले तेव्हा मावशीच्या ओळीत रस्ता पुन्हा निम्मा झालेला दिसला. तिथंच बाया बसलेल्या होत्या.

तेव्हापासून मी नुसते चौक मोजत नाही. वाट जोडलेली असावी, आणि हाक पोचेल इतकी जवळही असावी. दोन्ही लागतं. आपल्या जुन्या ढोकीला ते कोणी शिकवलं नव्हतं, तरी साधलं होतं. आणि रस्त्यांची तक्रार म्हणाल तर ती इथं फार जुनी आहे. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक ग्रंथात आपल्या शेजारच्या तेरचं, म्हणजे तगरचं नाव आहे. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, असं त्यात म्हटलंय. तिथलं कापड गाड्यांवर लादून रस्ते नसलेल्या मोठ्या मुलुखातून भडोचला जात होतं, असंही लिहिलंय. लातूर-बार्शी रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल बोलताना हा दाखला द्यायला हरकत नाही.

आता कबुली.

या मेळाव्याचं ठरलं तेव्हा मला वाटलं, सगळ्यांना आपल्या ढोकीचा नकाशा भेट द्यावा. उपग्रहाचं चित्र घेऊन, दोन शनिवार-रविवार इथं येऊन फोन हातात धरून चालत चालत मी गल्ल्या नकाशावर काढल्या. स्टेशनचा रस्ता, कारखान्याकडं जाणारा रस्ता, गावठाण, नवी प्लॉटिंगं. मग सवयीनं बंद बोळ शोधायचा प्रोग्राम चालवला. असे बिंदू तो लाल दाखवतो. गावठाणात लाल ठिपके थोडे होते. गावाबाहेरच्या नव्या प्लॉटिंगमध्ये गोवर उठल्यासारखे. एक ठिपका शाळेच्या मागं होता. तो मोठा करून बघितला आणि हात थांबला. तो आमचाच होता.

२०१२ मध्ये आमच्या अडीच एकरांत प्लॉट पाडले तेव्हा आराखडा मी काढून दिला होता. बाहेरच्या माणसाला पैसे कशाला द्यायचे, पोरगी इंजिनिअर आहे. पुण्यात बसून एका रविवारात काढला. तुमच्यापैकी मागच्या वस्तीवरून येणाऱ्यांना आठवत असेल, आमच्या बांधावरून एक पायवाट शाळेकडं यायची. पावसाळ्यात दप्तर डोक्यावर धरून तुम्ही यायचात. मी त्या बाजूला रस्ता न नेता आधीच थांबवला, त्यामुळं दोन प्लॉट जास्तीचे निघाले. अण्णांनी कागद बघितला आणि म्हणाले, "ही वाट वाहती हाय, पोरी. तिला बांध घालू नये." मी म्हणाले, "अण्णा, सातबारावर वाट नाही." ते पुढं काही बोलले नाहीत. मला शिकवून त्यांनी मोठं केलं होतं, माझ्यापुढं ते कागदाच्या बाबतीत बोलत नसत.

शेतात जायला वाट नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडं मागता येते. वहिवाटीची वाट कोणी अडवली तर १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आहे. शेतकरी त्यासाठी वर्षानुवर्षं भांडतो. शाळेच्या पोरांच्या पायवाटेसाठी अर्ज कोण करणार? कोणी केला नाही. कुंपण झालं, वाट बुजली.

वस्तीवरच्या पाण्याच्या टाकीपासून शाळेच्या फाटकापर्यंत त्या पायवाटेनं ३५० मीटर होतं. आता फिरून साडेबाराशे मीटर पडतं, त्यातलं निम्मं मोठ्या रस्त्याच्या कडेनं, उसाच्या ट्रॅक्टरांशेजारून. जाऊन-येऊन रोज अठराशे मीटर जास्तीचं. शाळेचे दिवस वर्षाला २२० धरले तर एका पोराला वर्षाला चारशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे ढोकीहून पुणं गाठून अर्ध्या वाटेपर्यंत परत. हे मी केलंय. दोन प्लॉटांसाठी.

आपल्याच वर्गातली एक मैत्रीण अजून त्या वस्तीवर राहते. तिची मुलगी सातवीत आहे, ती आता मागच्या ओळीत उभी आहे. मी नकाशा घेऊन तिच्या घरी गेले आणि सांगितलं. मैत्रीण म्हणाली, "आम्हाला म्हाईत हाय की. तुझ्या अण्णांनी येऊन सांगितलं होतं तवाच, पोरीचा हिशेब चुकला म्हणून." अण्णा २०१९ मध्ये गेले. हे मला सात वर्षांनी कळलं.

त्या दोन प्लॉटांपैकी एकावर घर उभं आहे, त्या माणसानं पैसे मोजून घेतलंय, त्याला हात लावता येत नाही. दुसरा अजून आमच्याकडं आहे, तीस बाय पन्नास. भावानं तो पुतणीच्या लग्नासाठी ठेवलाय. आमचं दोन दिवस बोलणं चाललं होतं, चढ्या आवाजातही झालं. शेवटी असं ठरलं की बाजूनं दहा फुटांची पट्टी वाटेसाठी सोडायची. उरलेला वीस बाय पन्नासचा प्लॉट विकायचा आणि कमी येतील ते पैसे मी भरायचे.

पण आमच्या हद्दीपलीकडं तारेचं कुंपण आहे, आणि त्याच्या मालकानं दहा फूट तार उघडल्याशिवाय आमची पट्टी म्हणजे आणखी एक बंद बोळच. तो मालक आपल्याच वर्गातला आहे. या हॉलमध्येच बसलाय, आता खाली बघतोय. नाव घेत नाही. त्याचाही हिशेब त्याच्यापुरता बरोबर आहे, त्यालाही उद्या प्लॉट पाडायचेत. मी एवढंच म्हणते, पाडायच्या आधी माझ्याकडून आराखडा करून घे, फुकट देते. आपले दोन्ही रस्ते समोरासमोर आले तर तुझ्या मागच्या प्लॉटांना शाळेकडून दुसरं तोंड मिळतं, भाव कमी नाही होणार. चुकीचा आराखडा कसा असतो ते मला चांगलं माहीत आहे.

उद्या सकाळी सात वाजता मी टेप आणि चुना घेऊन बांधावर असेन. भाऊ येणार आहे. सर, जमलं तर तुम्हीही या, आकृती आधी काढून ठेवली आहे.

जेवण तयार आहे असं खूण करून सांगतायत. नकाशाच्या प्रती दारापाशी ठेवल्या आहेत, एक-एक घ्या. त्यात तुमची गल्ली चुकली असेल तर पेनानं दुरुस्त करून मला द्या.